चतुर्दशीचं पान

देवास, भाद्रपद वद्य त्रयोदशी, दुपार

प्रिय आत्या,

तू होतीस तोवर तुला मी 'तीर्थरूप' लिहीत असे. 'प्रिय' लिहायचं कधी सुचलं नाही. आज सुचलं, तर वाचायला तू नाहीस. तशी तुला अक्षरओळखही नव्हतीच. मी शिकायला परगावी होतो तेव्हा माझी पत्रं शेजारचे अण्णा तुला वाचून दाखवायचे, आणि दर वेळी तू म्हणायचीस, "बाळूचं पत्र म्हणजे पहिली ओळ नमस्काराची, शेवटची ओळ नमस्काराची, मधे सगळा शाळेचा पसारा." आज मधे शाळा नाही. आज मधे तुझं-माझं भांडण आहे.

लिहायला बसलो, कारण उद्या चतुर्दशी. घरात तयारी सुरू आहे. माझी बायको, तुझी सून, सकाळपासून माझ्याकडे बघून विचारते आहे, "वडे किती घालायचे? ब्राह्मण किती सांगितलेत?" शेवटी ती चिडून म्हणाली, "घालायचंय ना उद्या?" मी दौत घेऊन माडीवर आलो. उत्तर तिला द्यायच्या आधी तुला द्यायला हवं, असं वाटलं.

आत्या, परवा बाबांच्या तिथीला महालय झाला. भटजी एकेक नाव घेत गेले, मी तीळ-पाणी सोडत गेलो. आणि मग ते म्हणाले, "पितृभगिनी." तुझं नाव! पहिल्यांदाच. दर्भ बोटात होता, पाणी हातात होतं आणि तोंडातून शब्द फुटेना. भटजींना वाटलं, मला तुझं गोत्र आठवत नाही. हलक्या आवाजात त्यांनी ते पुरवलं. मी ते म्हटलं आणि पाणी सोडलं. पण मनात आलं, हिच्या नावाने पाणी सोडायला मी कोण? जिचं बोलणं मी चारचौघांत खोटं ठरवलं, तिला आता तृप्त हो म्हणून सांगतो आहे!

तुला आठवतं, ते धारच्या तात्यासाहेबांचं काम आलं तेव्हा मी कसा फुगलो होतो? माळव्यातल्या जुन्या दक्षिणी घराण्यांच्या हकिकती गोळा करायच्या, त्यांतलं खरंखोटं निवडायचं आणि छापायच्या, असा त्यांचा बेत. देवासकडच्या हकिकती मी तपासाव्यात, असं त्यांनी कळवलं. मी दिवाणखान्यात सतरंजी टाकून न्यायाधीश होऊन बसलो. येणाऱ्याला विचारायचं, "कागद आहे? मोडीत आहे? शिक्का आहे? कुणाच्या हातचा?" तू आतून ऐकायचीस आणि ताक घुसळता घुसळता म्हणायचीस, "एवढं तर मुलगी बघायला आलेलेही विचारत नाहीत!"

माझी कसोटी कडक होती, हे मात्र तूही कबूल करशील. हाटपिपल्याच्या एका गृहस्थांनी आणलेली सनद मी एका नजरेत परत केली. कागद म्हातारा होता आणि शाई तरुण. एकाने आजोबांचा पराक्रम सांगितला, त्या साली त्याचे आजोबा पाळण्यात होते. ज्याला लाभ त्याची साक्ष हलकी, हे मी चार जणांना सुनावलं. पाचवा मी स्वतः होतो. तिथे मात्र माझी कसोटी झोपी गेली.

सोनकच्छच्या वाटेवरच्या त्या गढीची गोष्ट. पेंढाऱ्यांची टोळी आली आणि दरवाज्यात एक जण एकटा उभा राहिला, पडला, पण आतल्यांना वाचवून पडला. त्या गावात दसऱ्याला शमीपूजनाआधी त्याच्या वंशजाला मानाचा विडा देण्याची चाल होती. बाबांच्या वेळी केव्हातरी ती मोडली आणि विडा कुणाच्या घरी जायचा, याचाच गावाला विसर पडला. आता पाटलांनी ठरवलं होतं की तात्यासाहेबांच्या निवाड्यात जे नाव येईल, त्या घराला पुन्हा विडा द्यायचा. आणि बाबा तर आयुष्यभर सांगत आले होते की दरवाज्यातला तो पुरुष म्हणजे आमचे पणजोबा, गढीचे कारभारी!

बाबा काय सुंदर सांगायचे ती गोष्ट! लेखणी टाकली आणि तलवार उचलली, हे वाक्य यायचं तेव्हा ते स्वतः उठून उभे राहायचे. मी लहानपणी कोपऱ्यात लाकडी पट्टी घेऊन तसाच उभा राहायचो.

तुझी गोष्ट वेगळी होती. तुझ्या गोष्टीत तलवार नव्हती, पेव होतं. धान्याचं अर्धं रिकामं पेव, जमिनीखाली काळोख आणि त्यात उतरलेली बायकापोरं. त्यांच्याबरोबर तुझे आजोबा, म्हणजे तेच कारभारी, अंगावर पिणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवून बसलेले. ते पोर म्हणजे तुझे वडील, माझे आजोबा. तुझी आजी त्या पेवात होती आणि तिने तुला सांगितलं होतं. ती सांगायची, झाकण निघालं तेव्हा आधी उजेड दिसला नाही, आधी एक हात दिसला. बाहेर मरून पडलेल्या माणसाचा, शेणामातीने मनगटापर्यंत भरलेला. आम्ही पोरं हसायचो, "शेणाचा हात! शेणाचा हात!" तू रागवायचीस, मग स्वतःच हसायचीस.

मोठा झाल्यावर मी ठरवलं की ती पोरांना झोपवायची गोष्ट. बाबांची गोष्ट इतिहास, तुझी गोष्ट अंगाई. का? बाबा बैठकीत सांगायचे आणि तू माजघरात, एवढंच ना कारण? दुसरं कोणतं होतं?

दुसरं एक होतं, खोटं कशाला बोलू? तू थापा मारायचीस, आत्या! ग्रहण तू न पाहता पाहिलेलं होतंस. आपलं वय तू दर संक्रांतीला कमी करायचीस. आणि यजमानांचं वर्णन! "उंचेपुरे होते, दारातून येताना वाकावं लागे." लग्नात तू आठ वर्षांची आणि धारला सासरी जेमतेम दोनदा गेलेली, मग परत आलीस ती कायमची. मला वाटायचं, जी यजमानांच्या उंचीबद्दल असं बोलते, तिच्या पेवावर विश्वास काय ठेवायचा?

मग गणपत जिनगर आला. शिवाजी चौथऱ्यामागच्या गल्लीत खोगिरं शिवतो तो. त्याचेही पूर्वज गढीवर होते, घोड्यांच्या सामानाच्या कामाला. पायरीवर बसला, वर आला नाही. म्हणाला, "मास्तरसाब, कागद-पत्तर आपल्याजवळ काही नाही. पण दरवाज्यात आमचा पणजा पडला. आमच्या घरी त्याचं घात चौदसला पान वाढतात. बाप वाढत होता, उसका बाप वाढत होता. और एक बात है, पानाच्या बाजूला..."

मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, "गणपत, पान तर प्रत्येकाच्याच घरी वाढतात. पुरावा आहे का?" तो ओशाळला, हसला, "जसं तुमाला वाटेल तसं लिहा भिया," म्हणाला आणि वहाणा घालून गेला. मी त्याच्या नावापुढे लिहिलं : 'केवळ ऐकीव. विश्वासार्ह नाही.' अक्षर काय झोकदार आलं होतं ते!

तू दाराआडून बाहेर आलीस. तुझा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. "त्याला पुरतं बोलू का दिलं नाहीस?"

मी म्हटलं, "वेळ नव्हता."

"चतुर्दशीला पान म्हणाला तो. शस्त्राने गेलेल्याचं असतं चतुर्दशीला."

"मग?"

"मग काय मग? जन्मभर या घरात पितरांचा स्वयंपाक मी रांधते आहे. बाळू, आपल्या घरी चतुर्दशीला कधी पान वाढलंय का रे?"

आत्या, मी ते ऐकलं. मला ते तत्क्षणी कळलंही. कबूल करायला वर्ष नव्हतं लागणार, नऊ पळंही पुरली असती. पणजोबा शस्त्राने पडले असते तर त्यांच्या मुलाने, नातवाने चतुर्दशी सोडली नसती. आमच्या घराण्याने एकादशी मोडली असेल, पण पितरांचं कधी चुकवलं नाही. बैठकीत माणूस हवं ते सांगतो, कारण ऐकणारे समोर असतात. पितरांपुढे बसल्यावर कुणासाठी खोटं बोलायचं? दुसऱ्या कुणाच्या घरचा हा पुरावा असता तर मी उडी मारून उचलला असता!

आणि मी तुला काय म्हणालो? "बायकांच्या चुलीवरून इतिहास ठरत नाही." दारात अण्णा होते, शाळेतले दोघे मास्तर होते. सगळे हसले. वर मी आणखी म्हणालो, "आमच्या आत्याबाईंनी यजमानही सात फुटांचे पाहिलेत." पुन्हा हसले.

आत गेलीस. ताकाची रवी बराच वेळ फिरत राहिली, लोणी आल्यावरसुद्धा.

मला वाटतं, त्या दिवशी थांबलो असतो तरी तू मला क्षमा केली असतीस. पण चुकलेल्या माणसाला शहाणपण सुचतं ते भलतंच. मी विचार केला : चतुर्दशीचं पान हाच पुरावा असेल, तर तो आपल्या घरीही असायला हवा. त्याच भाद्रपदात मी जाहीर केलं की पणजोबांचं चतुर्दशीचं श्राद्ध आमच्याकडे मधल्या काळात राहून गेलं होतं, ते आता पुन्हा सुरू करायचं. राहून गेलं होतं! कसा सहज शब्द सुचला बघ. ज्या हातांनी मी लोकांच्या बनावट सनदा परत केल्या, त्याच हातांनी मी एक बनावट श्राद्ध केलं. कागदाचं खोटं पकडता येतं, शाई सांगते, शिक्का सांगतो. वड्याला आणि खिरीला शाई कुठली?

तू म्हणालीस, "खोट्या पानाला मी हात लावणार नाही."

मी म्हटलं, "नको लावूस. आचारी बोलावतो."

आणि खरंच बोलावला. तू पांघरूण घेऊन मागच्या अंगणात वाती वळत बसलीस. दिवसभर तोंडात पाणी घेतलं नाहीस. मला वाटलं होतं की कावळा तरी माझी फजिती करील. कसली फजिती! पान ठेवलं आणि लगेच शिवला. मी विजयी मुद्रेने तुझ्यापुढे येऊन उभा राहिलो. "बघ! पणजोबांनी घेतलं!"

तू वातीवरून नजरही उचलली नाहीस. म्हणालीस, "कावळ्याला काय रे? त्याला भात दिसला."

आत्या, तात्यासाहेबांची सगळी पुस्तकं एका बाजूला ठेव आणि हे तुझं वाक्य दुसऱ्या बाजूला. साक्षीदाराला काय दिसलं आणि आपण त्याच्या तोंडी काय घातलं, यातला फरक तू सांगत होतीस. मी मात्र तेव्हा म्हणालो, "हिला हल्ली कशाचंच कौतुक नाही."

माझ्या टिपणावरून तात्यासाहेबांनी पाटलांना नाव कळवलं आणि त्या दसऱ्याला विडा मला मिळाला. टाळ्या झाल्या, हलगी वाजली. गणपतही आला होता, घोड्यांच्या मागे उभा होता. विडा घरी आणला आणि देव्हाऱ्याकडे निघालो, तर तू वाट अडवलीस. "तिकडे नको. दुसरीकडे कुठे ठेवायचा तिथे ठेव." मी तो फडताळात ठेवला. वाळला, काळा पडला. तुझी सून टाकू बघते, मी टाकू देत नाही. का ते मलाही सांगता येत नाही.

पुढच्या थंडीत तू गेलीस. मधल्या दोन-तीन महिन्यांत तू ती गोष्ट एकदाही काढली नाहीस. का नाही काढलीस? भटजींना एका शब्दाने सांगितलं असतंस तरी गावभर झालं असतं. अण्णांकडून धारला चार ओळी लिहवून घेतल्या असत्यास! पण तू माझी अब्रू झाकलीस. माझ्या ताटात तूप वाढलंस, माझी छाती ओव्याने शेकलीस आणि माझं खोटं आपल्याबरोबर घेऊन गेलीस. हा माझा तुझ्यावरचा राग आहे. हो, राग! तू भांडायला हवं होतंस.

मला वाटलं, संपलं. तू नाहीस, म्हणजे साक्षीदार नाही.

पण या पंधरवड्यात तात्यासाहेब स्वतः आले. टांग्याने, धुळीने पांढरे होऊन. छापायला देण्याआधी प्रत्येक घरी जाऊन एकदा खात्री करायची, असा त्यांचा नेम. आपल्याच घरी उतरले. तुझ्या सासरची त्यांना माहिती निघाली. तळ्याकाठचं घर, म्हणाले, तो मुलगा माझ्या थोरल्या भावाबरोबर शिकायला होता. मी सहज विचारलं, "उंच होते का?" ते हसले, "छे हो. अंगाने अगदी किरकोळ. सदा आजारी पोर. खोकत खोकत पाटी पुसायचा."

मी पुढे काही विचारलं नाही. तुझं ते खोटं मी आता कुणाला सांगणार नाही. तुझ्याजवळ यजमानांचं दुसरं होतं तरी काय? त्या उंचीने कुणाचा विडा हिरावला नव्हता, कुणाचा पणजा पुसला नव्हता. मीच मूर्ख! एका माणसाचं एक बोलणं खोटं निघालं की त्याचं सगळंच खोटं मानायचं, हा कुठला न्याय? पेवाच्या गोष्टीत तुझा काय फायदा होता? उलट त्यात तुझे आजोबा लपलेले होते. अभिमानाची गोष्ट माणूस रचतो. लपल्याची गोष्ट कोण रचील?

जेवण झाल्यावर तात्यासाहेबांनी माझं टिपण काढलं. चष्मा पुसला आणि म्हणाले, "मास्तर, कागद मी बाजूला ठेवतो. कागद कोणीही कोणासाठीही लिहितो. मला तुमच्या हकिकतीत एकच गोष्ट पटली. चतुर्दशीचं श्राद्ध. मनुष्य दरबाराशी खोटं बोलेल, सावकाराशी बोलेल, पण पितरांशी कोण बोलेल? असा पुरावा लाखात एक." मग आत वळून तुझ्या सुनेला विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे पणजसासऱ्यांचं चतुर्दशीलाच असतं ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. आत्या, ते पाहणं! मी मान खाली घातली. ती म्हणाली, "हो. चतुर्दशीलाच."

त्या बाईने माझ्यासाठी खोटं सांगितलं. तुझ्या नावाने रोज दिवा लावणाऱ्या बाईने. तात्यासाहेबांनी लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि समाधानाने सुपारी तोंडात टाकली. त्या रेघेकडे बघताना मला लाज म्हणजे काय ते कळलं. माझं खोटं आता माझं उरलं नव्हतं. उद्या ते छापलं जाईल, परवा एखादा विद्यार्थी ते वाचील, तेरवा कुणी त्यावर दुसरं पुस्तक रचील. आणि सगळे म्हणतील, पुरावा लाखात एक!

ते गेले आणि मी पायांत वहाणा घातल्या, गणपतकडे निघालो. का? त्याचं वाक्य अर्धं राहिलं होतं म्हणून. इतक्या दिवसांनी मला त्याचा अर्धवट राहिलेला शब्द ऐकू येऊ लागला. 'पानाच्या बाजूला' काय?

गणपत चामड्याला टोचा मारत होता. मला पाहून गडबडून उठला, खोगिराची गादी झटकून पुढे सरकवली. मी म्हटलं, "गणपत, तू त्या दिवशी काही सांगत होतास. पानाच्या बाजूला काय?"

"अरे, वो! कुछ नाही मास्तरसाब, हसाल तुमी."

"नाही हसणार."

"पानाच्या बाजूला शेणमातीचा गोळा ठेवतो आमी. लोग तलवार ठेवतात, आमच्याकडे गोबर." तो स्वतःच हसला. "बाप सांगायचा, पणज्याने गढीच्या दरवाज्याजवळचं पेव लिपलं. आत बायकापोरं उतरवली ना, तर वरून फरशी टाकून लिपायला कोणीतरी बाहेर पाहिजे. आतून तर लिपता येत नाही. मग ते लोग आले. हात धुवायलाही टाईम मिळाला नाही त्याला. तशाच हाताने गेला. म्हणून गोळा."

आत्या! मी त्या गादीवर बसलो तो बसलोच.

तुझी आजी आत होती. तिने झाकण निघाल्यावर हात पाहिला. याचा पणजा बाहेर होता, त्याच्या पोरांनी तो हात लक्षात ठेवला. त्या दोन घरांचा मधल्या काळात उंबरठ्याचाही संबंध नाही. तू गणपतच्या घरी कधी गेली नाहीस, त्याच्या बायकांनी आपलं माजघर पाहिलं नाही. तरी एक अर्धी गोष्ट तुझ्याजवळ आणि दुसरी अर्धी त्याच्याजवळ, आणि शेणाने भरलेला एकच हात दोन्हींत! याहून मोठा पुरावा तात्यासाहेबांना कोणत्या दप्तरात सापडणार होता? आणि तो माझ्याच दिवाणखान्यात, एक पायरीवर आणि एक दाराआड, एकाच वेळी हजर होता. मधे सतरंजीवर मी बसलो होतो.

तू तेव्हाच ओळखलं होतंस, नाही का? त्याने 'पानाच्या बाजूला' म्हटलं आणि तू ताक घुसळायची थांबलीस. म्हणूनच विचारलंस ना, पुरतं बोलू का दिलं नाहीस?

याच्यापुढचं सांगायला हात जड होतो. गणपत म्हणाला, "आत कुण होतं ते आमाला ठाऊक नाही. गढीवरची बायकापोरं होती म्हणतात." मग माझ्याकडे बघून, अगदी मनापासून, "तुमचे पणजोबा तर बाहेर लढत होते ना मास्तरसाब? मग जोडीने असतील दोघं. आमचा लिपत असेल, तुमचे दरवाज्यात उभे असतील. दोन्ही खरंच असेल. क्यों?"

माझ्या खोट्याला त्याने आपल्या पणज्याच्या शेजारी जागा करून दिली! मी त्याच्या पणज्याला एका ओळीत पुसला होता, आणि त्याने आपल्या खऱ्यात माझं खोटं सामावून घेतलं. वर म्हणतो, "चहा घ्याल का? की चालत नाही?"

मी तिथेही खरं बोललो नाही. बोलायला गेलो होतो आणि नुसतं "हं" म्हणून उठून आलो. आता सांग, माझ्यासारखा साक्षीदार कुणी विश्वासाचा मानील?

एक गोष्ट मात्र रस्त्यात माझ्या मनात आली. मला पणजोबांची लाज कधी वाटायला हवी होती का? ते पेवात उतरले नसते, त्या पोराच्या तोंडावर हात धरला नसता, तर आजोबा नसते, बाबा नसते, तू नसतीस, मी नसतो. ते तापाने, म्हातारे होऊन, अंथरुणावर गेले, असं तू सांगायचीस. बरं झालं! अंथरुणावर मरण्यात कमीपणा कसला? कमीपणा मी आणला. त्यांच्या हातात मी तलवार दिली आणि त्या हातातलं पोर काढून घेतलं.

आत्या, खालून पुन्हा हाक आली. वडे किती? आता जाऊन सांगतो : एकही नाही. उद्या आपल्या घरी चतुर्दशीचं पान वाढायचं नाही, उद्याच नाही, कधीच नाही. तिने माझ्यासाठी जे सांगितलं त्याबद्दल तिची क्षमाही मागायची आहे. ती आधी रडेल आणि मग, मला माहीत आहे, तुझ्यासारखंच म्हणेल, "एवढे दिवस कुठे होतात?"

धारला आजच लिहितो. तात्यासाहेबांनी मारलेली ती रेघ पुसायला सांगतो. आमचं श्राद्ध बनावट, ते मी सुरू केलं, का सुरू केलं, सगळं. ते विचारतील, साक्षीदार कोण? मी तुझं नाव देणार आहे. पुरतं नाव, माहेरचं आणि सासरचं. कोणत्याही कागदावर ते आजवर आलं नाही. ते असंही विचारतील, या बाईंचं बोलणं विश्वासाचं कशावरून? मी लिहीन, ज्यात त्यांचा लाभ नव्हता ते त्यांनी जन्मभर सांगितलं आणि ज्यात माझी अब्रू होती ते मरेपर्यंत सांगितलं नाही. आणि देवासची तपासणी यापुढे माझ्याकडे नको, हेही लिहीन. ज्याने स्वतःच्या घरचा पुरावा बनवला, त्याने दुसऱ्याच्या सनदेची शाई बघू नये.

दसऱ्याला गणपतला बरोबर घेऊन गढीच्या गावी जाईन. पाटलांसमोर, सगळ्या गावासमोर सांगेन. लोक हसतील. हसू देत. तुला हसले होते तेव्हा मी दात काढत उभा होतो, त्याची ही परतफेड समज.

पण दसऱ्याला अजून दहा-बारा दिवस आहेत, आणि तेवढ्या लांबच्या वचनांवरही तुझा कधीच विश्वास नव्हता. म्हणून उद्याचं वचन देतो. उद्या सकाळी शिधा घेऊन गणपतच्या दारी जाईन. त्याच्या पणज्याचं पान मांडलेलं असेल, शेजारी तो गोळा असेल. त्याची बायकापोरं, भाऊबंद सगळे असतील. सगळ्यांच्या देखत मी पायरीवर बसेन, वर नाही. पेवात कोण होतं ते त्यांना अजून ठाऊक नाही, आत्या.

उद्या मी त्यांना सांगेन. आत आम्ही होतो.

तुझा,
बाळू